खुशालरावांना लागलेला शब्द

बाळापूरजवळच्या एका जिनिंगमध्ये खुशालराव सव्वीस वर्षं कापूस पारखत होते. गाडी आली की वरचा पांढराशुभ्र थर बाजूला सारायचा आणि हात कोपरापर्यंत आत घालायचा. ओल लागली की एवढंच म्हणायचे, "पाणी मारलं." सहसा चुकत नसत.

त्या दिवशी आलेला शेतकरी नव्या मॅनेजरच्या, श्रेयसच्या, ओळखीचा निघाला. "यांचा माल बघायची गरज नाही," श्रेयस म्हणाला. तरी खुशालरावांनी हात घातलाच. माल कोरडा ठणठणीत होता. श्रेयस हसत सगळ्यांसमोर म्हणाला, "काका, तुम्ही फार सिनिकल आहात हो!"

सगळे हसले, म्हणून खुशालरावही हसले. पण अर्थ कोणाला विचारावा? घरी येऊन जेवताना त्यांनी मुलीला विचारलं. आरतीनं मोबाईलमध्ये पाहिलं. "बाबा, इथं तं मानवद्वेष्टा म्हणून देलं आहे."

"मी कोणाचा द्वेष करून राहिलो?" खुशालरावांचा घास हातातच राहिला.

रविवारी सकाळी ते थेट रामदासपेठेत, आरतीला इंग्रजी शिकवलेल्या कमलाकांत सरांकडे गेले. सर खुलले. "खुशालराव, हा शब्द मुळात कुत्र्यावरून आला. ग्रीसमध्ये काही विरक्त लोक होते. घर नाही, दार नाही, उघड्यावर राहायचे आणि बड्याबड्यांना तोंडावर सुनवायचे. लोक त्यांना कुत्रे म्हणायचे."

"म्हणजे श्रेयसनं मले कुत्रं म्हटलं?"

"नाही हो! आता अर्थ बदलला. कोणी काही चांगलं केलं, की त्याच्यामागे स्वार्थच असणार, असं जो आधीच धरून चालतो, तो सिनिकल."

"पन मी तं पाहतो, मंग बोलतो."

"मग तुम्ही नुसते संशयी. संशयी माणूस तपासतो. सिनिकल माणसाला तपासायची गरजच वाटत नाही." सर हसून म्हणाले, "कापसापुरतं तरी तुम्ही सुटलात."

हे 'कापसापुरतं' खुशालरावांच्या डोक्यातून जाईना. न तपासता आपण काय धरून बसलो आहोत, याचा ते शोध घेऊ लागले. तिसऱ्या दिवशी नाव सापडलं : डोमाजी.

डोमाजी हा बार्शीटाकळीचा चुलतभाऊ. बारा वर्षं न चुकता आपल्या शेतातल्या तुरीचा वानोळा भेट म्हणून पाठवत होता. दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यालगतचा, म्हणजे बांधालगतचा, पट्टा आपल्या नावावर व्हावा म्हणून त्याला खुशालरावांची सही हवी होती. ती मिळावी म्हणूनच तूर येते, हे खुशालरावांनी पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं. तूर खाल्ली, पण त्याच्या घरी कधी गेले नाहीत.

पुढच्या रविवारी ते एसटीनं बार्शीटाकळीत उतरले आणि पाणी पिण्याआधीच त्यांनी विचारलं, "डोमाजी, तू तूर काहून पाठवतं?"

डोमाजीनं बायकोकडं, दुर्गाबाईंकडं, पाहिलं. मग सरळ म्हणाला, "पयल्या साली सहीसाठीच पाठवली."

"आन् मंग?"

"मंग तू काई सही देल्ली नाई. दुसऱ्या सालीबी पाठवली. पुढं सवयच पडली. आता तुह्या घरी तूर गेल्याबिगर आपल्या घरात आली असं वाटतच नाई."

"पन कोणत्या सालापासून असं झालं?" खुशालरावांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"थे कोन लिहून ठेवते, बाप्पा?"

खुशालराव मोठ्यानं हसले. आपण चुकलोही नव्हतो आणि बरोबरही नव्हतो! यासाठी सरांकडे शब्द असेल का, हे विचारायचं त्यांनी मनाशी ठरवलं.

"कागद आण, सही करतो."

"कागद तं कवाच उंदरानं खाल्ला. आता राहू दे."

"राहू काहून द्यायचं?" आतून दुर्गाबाई म्हणाल्या. "भाऊजी आले हायेत तं काम उरकून टाका."

पुढच्या महिन्यात दुर्गाबाईंनीच दोघांना तहसीलला नेलं. खुशालरावांनी नवा कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत दोनदा वाचला. डोमाजीनं तोवर तिघांसाठी चहा सांगितला.