दुसरबीड–लोणार रस्त्यावरच्या तीन शिट्ट्या

भूतखेत, चकवा, देवाचा कौल... यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. आजही फारसा नाही. म्हणूनच हे इतकी वर्षं घरातही कुणाला सांगितलं नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. मी शेगावचा, नुकताच मॅट्रिक झालेला. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरबीडकडून लोणारकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कामावर हजेरी कारकून म्हणून लागलो. आज तिथे राज्यमार्गाची पाटी आहे, एसटी सुसाट जाते. तेव्हा नुसती गाडीवाट होती — पावसाळ्यात बैल रुतायचे. दुष्काळी कामावरच्या बायांनी खडी फोडून, मुरूम वाहून तिचा रस्ता केला.

मुरूम वाटेलगतच्या खदानीतून निघायचा. काम शिट्टीवर चाले. एक लांब शिट्टी म्हणजे जेवणाची सुट्टी. तीन म्हणजे सुरुंग — हातातलं टाकून बाहेर पळायचं.

त्या दिवशी सुरुंग नव्हताच. मुकादम पहारी आणायला लोणारला गेले, जाताना शिट्टी माझ्याकडे दिली. ती मी खिशात टाकली. सकाळचे अकरा वाजले असतील. खदानीच्या काठावर उभा राहून हजेरी लिहीत होतो, तर खालच्या सतराही बाया टोपल्या टाकून धावत वर आल्या!

“काऊन आल्या सगळ्या?”

“तुमीच तं तीन शिट्ट्या मारल्या ना साहेब!” गजराबाई धापा टाकत म्हणाली. दुसरबीडची, चाळिशीची, कामावर सगळ्यांत जुनी.

“मी? शिट्टी खिशात हाय माह्या!”

मला वाटलं, नवा पोरगा बघून थट्टा चाललीय. चिडलोच मी. “चला, उतरा खाली. कामाले लागा.”

दोघी-तिघी वळल्याही. गजराबाईने त्यांचे हात धरले. “नाई जात. शिट्टी झाली ते झाली. मुकादम येऊ द्या.”

आमची बोलाचाली चालू असतानाच खदानीची समोरची कड धडधडत खाली आली. धूळ बसली तेव्हा टोपल्या नाहीत, कुदळी नाहीत... नुसता मुरमाचा ढीग.

मी हजेरीची वही धरून सतराही जणी पुन्हा पुन्हा मोजल्या. बाया रडत माझ्या पाया पडू लागल्या — “साहेबानं वाचवलं!” मुकादमांनीही संध्याकाळी पाठ थोपटली. खरं सांगायची हिंमत झाली नाही. कारण मग हेही सांगावं लागलं असतं, की मी त्यांना परत खाली पाठवत होतो.

काही वर्षांनी त्या रस्त्यावर डांबर पडलं. एकदा मुद्दाम दुसरबीडला उतरलो, गजराबाईचं घर शोधलं. तिने चहा ठेवला. मी मान खाली घालून सगळं सांगून टाकलं.

“मले माहीत होतं बापू,” ती म्हणाली. “शिट्टी मारणारा माणूस आमाले परत खाली कायले धाडीन?”

“मग मावशी, तुम्ही बोलल्या काऊन नाही?”

“लेकरू होता तू. आमच्याहून जास्त तूच भेला होता. तुले काय बोलायचं?”

मी विचारलं, शिट्टी आली कुठून?

ती क्षणभरही थांबली नाही. “वरून. तू उभा होता तिथून.”

पुढे ज्या-ज्या बाया भेटल्या, त्यांनी हेच सांगितलं. एखादा पक्षी असेल, गुराखी असेल... सगळं ताडून पाहिलं, पटत काहीच नाही. शिट्टी वाजली म्हणतात, तिथे मीच उभा होतो. मला काहीसुद्धा ऐकू आलं नव्हतं.