पहिल्या हंड्याचा फाया

साथीच्या तापातून दंडपाणी बिशोई उठला आणि पखाळाचा वाडगा त्याने तोंडाशी नेला. रात्रभर पाण्यात मुरलेल्या भाताचा आंबूस वास त्याला आलाच नाही. शेजारची तळलेली सुकट त्याने हुंगून पाहिली. तिचाही पत्ता नव्हता. तेव्हा तो तसाच कुंपणाशी गेला आणि केवड्याच्या उमललेल्या कणसात त्याने काटे लागेपर्यंत नाक खुपसलं.

"कुंतला," तो परत येऊन म्हणाला, "आज केवडा वास देत नाहीये."

चुलीपाशी बसलेल्या बायकोला तर तो वास घरभर येत होता. तिने नवऱ्याच्या नाकावरचा ओरखडा पाहिला आणि काय ते समजली.

"कुणाला सांगू नका," एवढंच ती म्हणाली.

गंजामच्या किनाऱ्यावरचं त्यांचं गाव केवड्यावर जगत होतं. हंगामातला पहिला हंडा उतरला की अत्तराचा फाया दंडपाणीच्या हातात द्यायचा. त्याने तो हुंगायचा, कानात ठेवायचा आणि "चालू द्या" म्हणायचं. त्याशिवाय गावात दुसरी भट्टी पेटत नसे. भट्टीत लाकडं सारणारा, बापाचं छत्र हरपलेला हा माणूस त्या मानापर्यंत पोचला होता तो केवळ नाकाच्या जोरावर. लोक त्याला हाकच मारायचे 'नाकराव' म्हणून. तो मान गेला तर मागे उरलं असतं काय? सांधे दुखणारा एक म्हातारा.

मग दोघांनी एक युक्ती काढली. कणसांच्या टोपल्या घेऊन बायका भट्टीच्या दाराशी थांबायच्या. कुंतला सगळ्यांत पुढे उभी राहायची. अत्तर चांगलं असेल तर ती गप्प राहणार, बिघडलं असेल तर खोकणार. घरी आल्यावर तो हळूच विचारायचा, "कसा होता?" तीही हळूच सांगायची, "आधी मधासारखा. मग हिरव्या सुपारीसारखा, जरा टोचणारा." तेवढ्यावर त्याचा हंगाम निघायचा.

एका उन्हाळ्यात ब्रह्मपूरला रसायनशास्त्र शिकणारी त्याची भाची सस्मिता आली. येताना तिने एक कुपी आणली होती.

"मामा, केवड्याच्या तेलात चारातले तीन हिस्से एकच द्रव्य असतं. फिनाइल इथाइल मिथाइल ईथर."

"तू नाव घेईपर्यंत वास उडून जाईल गं!"

"उडतोच तो! म्हणून तर कणसं तोडल्या तोडल्या हंड्यात घालता ना तुम्ही? त्याला पाण्यापेक्षा तेलाची संगत आवडते, म्हणून वाफ उतरते त्या भपक्यात चंदनाचं तेल. आता कारखान्यातही बनतं हे. सरबत, मिठाई, पानमसाला, कुठे कुठे घालतात. घ्या, हुंगा."

दंडपाणीने डोळे मिटून हुंगल्यासारखं केलं. "बरं आहे. पण एकसुरी आहे."

"अगदी बरोबर! उरलेल्या हिश्शातली बारीकसारीक द्रव्यं नाहीत त्यात. मामी, काय नाक आहे हो मामांचं!"

मामी पदराआड हसली. मामांना मात्र त्या शाबासकीनंतर घास गोड लागला नाही. खोटं इतकं सहज जमलं होतं, याचीच त्यांना भीती वाटली.

यंदा पहिला हंडा बाउरीबंधू पोलाईच्या भट्टीत उतरला, आणि नेमकी त्याच सकाळी कुंतला सर्दीने बेजार होऊन उठली.

"घ्या नाकराव," म्हाताऱ्या बाउरीबंधूने फाया पुढे केला. "आणि लवकर काय ते बोला. कणसं वाट बघत नाहीत."

दंडपाणीने फाया नाकाशी नेला. दारात कुंतला खोकली. त्याने वळून पाहिलं. ती परत खोकली, मग शिंकली आणि डोळे पुसत राहिली. हा इशारा होता की सर्दी? सगळे भट्टीवाले त्याच्या तोंडाकडे बघत होते. 'चालू द्या' हे दोन शब्द अगदी जिभेवर आले होते. त्याला ती कुपी आठवली.

"बाउरीभाई," तो म्हणाला, "मला वास येत नाही."

"सर्दी झाली?"

"सर्दी तिला झालीय. माझं नाक त्या साथीतच गेलं. तेव्हापासून हुंगतेय ती."



"म्हणजे," बाउरीबंधू सावकाश म्हणाला, "माझ्या पोरीच्या लग्नात नासके मासे तू दोनदा वाढून घेतलेस, ते चव लागली म्हणून नव्हे?"

"आम्हाला वाटलं, दंडपाणी मनाचा मोठा!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळी भट्टी हसली. दंडपाणीही हसला आणि त्याने फाया परत केला.

बाउरीबंधूने फाया दाराकडे नेला. "वहिनी, आता तुम्हीच."

"नाक चोंदलंय हो माझं."

कुणीतरी पळत जाऊन मिरं-सुंठीचा कढत काढा आणला. तो पिऊन झाल्यावर कुंतलाची एक नाकपुडी मोकळी झाली. तिने फाया धरला, जरा थांबली, पुन्हा धरला.

"वर छान आहे. तळाला धूर आहे."

बाउरीबंधूने झाकणाचं लिंपण फोडलं. पाणी आटून तळची कणसं काळी पडली होती. त्याने लाकडं सारणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि हंडा घासायला पाठवला.

दुसऱ्या दिवशी ताज्या कणसांचा हंडा उतरला तेव्हा फाया सरळ कुंतलाकडे गेला. तिने तो कानात ठेवला, पदर सावरला आणि म्हणाली, "चालू द्या." किनाऱ्याने एकेक भट्टी पेटत गेली.

घरी जाताना दंडपाणी तिच्या मागून चालत होता.

"कसा होता?" त्याने सवयीने कुजबुजत विचारलं.

ती भर रस्त्यात थांबली आणि कान पुढे केला. "घ्या, बघा."

तो वाकला. नाकाच्या शेंड्याला तेलाचा ओलावा लागला.

"गार आहे," तो म्हणाला. "पुढचं तू सांग."

आणि तिने सांगितलं, वाटेवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.