नुसताच असलेला डोळा

माझ्या मुलीच्या उजव्या डोळ्याला रांजणवाडी झाली, म्हणून आम्हाला कळलं. नाहीतर कधी कळलं असतं, देव जाणे.

ती तेव्हा पहिलीत होती. आम्ही सोलापुरात भवानी पेठेत राहतो, यांचं टॉवेलच्या कारखान्यात काम. त्या सकाळी तिचा डोळा इतका सुजला होता की पापणी उघडेना. मी गरम फडक्यानं शेकलं आणि म्हटलं, "जा, तोंड धुऊन ये." ती उठली ती थेट दाराच्या चौकटीवर आदळली. मला वाटलं, झोपेत असेल. पण दुधाचा पेला पुढे ठेवला, तर तोही ती हातानं चाचपायला लागली.

"अगं, दुसरा डोळा उघडा आहे की तुझा!"

"त्यानं कुठं दिसतं?" ती म्हणाली. "एक डोळा बघायचा असतो. हा नुसताच असतो."

सगळ्यांचे डोळे असेच असतात, असं तिला वाटत होतं. तिचे डोळे तिरळे नव्हते, टपोरे होते. अभ्यासात पुढे होती, कधी डोकं दुखतं म्हणाली नव्हती. मग आम्हाला कळणार तरी कसं?

सूज उतरल्यावर डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत औषध घालून तपासलं. "डाव्या डोळ्याला नंबर खूप आहे. त्यातून धूसर दिसतं, म्हणून मेंदूनं त्याच्याकडं लक्ष देणंच सोडून दिलंय. ह्याला आम्ही आळशी डोळा म्हणतो. चष्मा लावायचा, आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, म्हणजे ह्याला काम करावंच लागेल."

"बरा होईल ना?" यांनी विचारलं.

"लहान आहे, आशा भरपूर आहे. पण पट्टी चुकवायची नाही."

चष्मा तिनं आनंदानं घातला. पट्टीवरून मात्र तिनं घर डोक्यावर घेतलं. शाळेतून आली की मी पट्टी चिकटवायची, जरा पाठ वळली की ती काढून टाकायची. एकदा केर काढताना पाहिलं, तर पलंगाखाली फळीला ओळीनं पट्ट्या चिकटवलेल्या! मला रडावं का रागवावं कळेना. रागावले, आणि मग रडलेही.

त्याच आठवड्यात मंगळवेढ्याहून सासूबाई आल्या. पट्टी बघताच भडकल्या. "चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून वाईट डोळा सुधारतोय व्हय? पोरीला आंधळी करून ठेवलीय तुमी!"

मी डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं त्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगी पट्टी लावून कोपऱ्यात हुंदके देत बसली होती. सासूबाईंनी गावाकडून आणलेली ज्वारी सुपात घेतली, त्यात मूठभर मटकी टाकली आणि तिच्याजवळ जाऊन बसल्या.

"ये, दोघी मिळून निवडू."

"मला दिसत नाही, आज्जी."

"मला तरी कुटं लई दिसतंय? थांब, मी बी एकच डोळा ठेवते." आणि त्यांनी खरंच पदर ओढून एका डोळ्यावर धरला.

मुलगी खुदकन हसली. सुरुवातीला ती बोटांनी चाचपूनच मटकी वेगळी काढायची. सासूबाई दोन दिवसांसाठी आल्या होत्या, त्या राहिल्याच. रोज तेच सूप. मध्ये कधी कंटाळा, कधी भांडण, कधी सूपच लाथाडलेलं. पण पट्टी मात्र जागेवर राहायला लागली.

काही आठवडे गेले. मी आत पोळ्या लाटत होते, तेवढ्यात ती ओरडली, "आज्जी, किडा! ज्वारीत किडा चाललाय!"

"कुटं गं? मला न्हाय दिसत."

"हा काय, चालतोय की!"

मी पिठाच्या हातानंच धावले. पट्टी नीट चिकटलेली होती. ती नुसत्या डाव्या डोळ्यानं तो इवलासा किडा बोटानं दाखवत होती. सासूबाईंनी सूप उचलून नाकाशी नेलं, किडा बघितला आणि माझ्याकडे पाहिलं. मी लेकीला जवळ ओढलं.

पुढच्या तपासणीला उजवा डोळा झाकल्यावर ती भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं वरून खाली वाचत गेली. शेवटच्या ओळींना अडखळली, पण पहिल्या वेळी तिला सगळ्यात मोठं अक्षरसुद्धा ओळखता आलं नव्हतं. "छान," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पट्टीचे तास आता हळूहळू कमी करू. चष्मा मात्र राहणार."

राहू दे की. चष्म्याला कोण भितं?

घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं. त्यांनी मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गावी जायची पिशवी भरायला घेतली. कितीतरी दिवसांनी मी दुपारी आडवी झाले, आणि पंखा न लावताच मला गाढ झोप लागली.