बाबांच्या कॅसेटची बी बाजू

अन्याय माझ्या बाबांवर झाला. २०१४ च्या श्रावणात, रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, न्यूझीलंडच्या जॉन्सनव्हिलमधल्या आमच्या हॉलमध्ये, सतरा पाहुण्यांदेखत. गुन्हेगार मोकाट आहे. हे तीच लिहिते आहे!

पुण्याच्या हॉस्टेलमध्ये बाबांना न्यूयॉर्कच्या एका पोराचा पहिलावहिला रॅप अल्बम ऐकायला मिळाला. रूममेट विन्याकाकाने टेपसमोर टेप ठेवून तो उतरवून दिला. त्यामुळे बी बाजूच्या दुसऱ्या गाण्यात विन्याकाका मध्येच ओरडतो, "अरे, काय बोलतोय यार हा!" पुढे विन्याकाका अपघातात गेला. त्याचा आवाज उरला तो एवढाच.

ए बाजू आईने संपवली. न्यूझीलंडला निघताना तिने त्यावर गुरुजींकडून सत्यनारायणाची कथा भरून घेतली. (अर्ध्या तासात पाच अध्याय. तोही रॅपच!) वर 'सत्यनारायण' असं लेबलही लावलं. बाबा एवढंच म्हणाले, "बी बाजू तेवढी राहू दे."

त्या बी बाजूवर मी वाढले, गाडीच्या मागच्या सीटवर. कॅसेट कधी हातात घेतली नाही, पण अन्यायाविरुद्ध श्वास न घेता बोलायचं, हे शिकले तिथेच. म्हणून नगरपालिकेने आमच्या चढावरचा बसथांबा खाली हलवायचं ठरवलं, तेव्हा मी पत्रकं छापली, भाषण लिहिलं आणि सरावासाठी रेकॉर्ड करायला घरात कॅसेट शोधली. 'सत्यनारायण' सापडली. मागची बाजू कोरीच असणार! रेकॉर्डिंग अडवणाऱ्या कोपऱ्यातल्या भोकावर चिकटपट्टी लावली आणि सुरू झाले.

पूजेच्या दिवशी कॅसेटवरच्या गुरुजींचा पाचवा अध्याय संपला. आमचा टेप स्वतःहून बाजू बदलणारा. खट्! सगळ्यांनी आरतीसाठी हात जोडले.

"शेम ऑन यू!" माझा आवाज गरजला. "तुम्ही इथे मऊ खुर्च्यांवर बसलाय, आणि तिकडे म्हाताऱ्या माणसांना चढ चढवेना!"

शेजारच्या लोअर हट गावातून आलेल्या जोशीकाकू सोफ्यावरून हळूच उतरून सतरंजीवर बसल्या.

"मम्मा, इज धिस चॅप्टर सिक्स?" त्यांच्या नातवाने आपल्या आईला विचारलं.

"बंद कर गं ते!" माझी आई ओरडली.

"थांब," पूजेचा रेशमी कद नेसलेले बाबा म्हणाले. "पुढे गाणं असेल."

आरतीचं ताट हातात धरून त्यांनी माझं अख्खं भाषण ऐकलं. मग ड्रम वाजले. शेवटच्या गाण्याचं शेपूट, जेमतेम चाळीस सेकंद. बाबांचे ओठ प्रत्येक शब्दावर हलत होते. टेप थांबला.

"विन्या कुठे गेला?" त्यांनी विचारलं.

"बाबा, नेटवर अख्खा अल्बम मिळतो, अगदी सहज..."

"नेटवर विन्या आहे का?"



बसथांबा हलवलाच. सुनावणीत मला तिसऱ्या मिनिटाला खाली बसवलं. माझं संपूर्ण भाषण घरच्यांशिवाय जगात फक्त त्या सतरा जणांनी ऐकलं, तेही पुढे शिरा होता म्हणून!

पण विन्याकाकाने त्या कॅसेटच्या प्रती हॉस्टेलभर वाटल्या होत्या. तुम्ही तिथे राहिला असाल, तर माळ्यावरची खोकी काढा. आज! बी बाजू, दुसरं गाणं. "अरे, काय बोलतोय यार हा!" ऐकू आलं, तर कॅसेट थेट बाबांच्या हातात द्या. माझ्या हातात मुळीच नको. माझं पुढचं भाषण लिहून तयार आहे!