छावणीतला समुद्र

आष्टीकडच्या आमच्या चारा छावणीवर सहकारी संस्थेनं नेमलेला एक व्यवस्थापक होता. ऐन दुष्काळात संस्थेचं संचालक मंडळ समुद्रातलं अभयारण्य बघायला अभ्यास दौऱ्यावर गेलं, तेव्हा हाही सोबत गेला. परतल्यापासून डोक्यावर दौऱ्यातली टोपी आणि तोंडात तेवढा एकच विषय.

"आता मला सांगा, ओहोटीला आमी गुडघाभर पाण्यातून गेलतो. गार्डनं एक मासा उचलून दावला आन् लगीच सोडला. म्हनला, जीव हाय, पाण्याभायेर ठेवायचा न्हाई. लई पटलं बगा."

सांगताना त्याचे डोळे खरंच भरून यायचे. मला त्याचाच राग यायचा.

एका दुपारी हेच चालू असताना एक मेंढपाळ कळप घेऊन हौदाशी आला. यानं काठी आडवी धरली.

"छावणी मोठ्या जनावरांची हाय. मेंढरं न्हाई चालत."

"घोटभर पिऊ द्या, दादा."

"नियम हाय रं."

मेंढरं तोंडं उघडी टाकून हौदापुढं उभी राहिली. काठी तशीच धरून तो माझ्याकडे वळला.

"हां, तर तो मासा."

आणि पाण्याबाहेर मासा तोंड कसं उघडतो, ते त्यानं मला करून दाखवलं.