ओल्या दुपट्ट्याने पुसलेला पंख

नवीन ट्रॅक्टर आला की बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायचं काम आमच्या घरात माझं. त्याच सवयीने मी लेकीच्या विमानाच्या पंखावर स्वस्तिक काढलं. दोन पावलं मागे सरून कौतुकाने पाहिलं आणि मग आठवलं, आदल्या दिवशी जेवताना ती काय म्हणाली होती ते. "बाबा, एका सोलर सेलवर सावली पडली तरी अख्खी रांग मार खाते."

हे विमान माणूस बसायचं नव्हे. उन्हावर चालणारं, बिनपायलटचं. पुढे त्याचा मोठा भाऊ ढगांच्याही वर जाऊन महिना महिना तिथेच फिरणार, असं लेक सांगायची. ती पुण्याला ज्या कंपनीत आहे तिथे ते बनतंय. लहान नमुन्याच्या चाचणीला मोकळं माळरान हवं होतं, तर तिनेच आमच्या धामणगाव बढ्याकडचं सुचवलं. मिरचीची पोती सरकवून शेतातल्या टिनाच्या शेडमध्ये पंख ठेवला होता. त्यावरचे सगळे सोलर सेल तिने स्वतःच्या हाताने बसवलेले. पापडापेक्षा पातळ.

कंपनीची मंडळी चहाला गेली होती. मी खांद्यावरचा दुपट्टा ओला केला आणि शेतातल्या सोलर पंपाच्या पाट्या पुसतो तसा, चांगला जोर लावून घासला. डाग गेला. पंख चकचकीत झाला. वर मीच खूश.

विमान उडालं तेव्हा अर्धं गाव माळावर होतं, आणि येईल त्याला मी अडवून सांगत होतो, "पोरीनं बनवलं बे!" पण ऊन डोक्यावर आलं, म्हणजे त्याने पोटभर खायची वेळ झाली, तेव्हाच त्याची शक्ती कमी पडायला लागली. बॅटरी भरेना. शेवटी एका हरभऱ्याच्या शेतात उतरवलं, तर पंखाचं टोक मोडलं.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये त्यांनी कसल्याशा कॅमेऱ्याने पंख तपासला. चार-पाच सेलना केसासारखे बारीक तडे. "बसवताना दाब पडलेला दिसतो," कंपनीचे साहेब लेकीकडे बघून म्हणाले. पुढचा पंख दुसऱ्याकडे द्यावा लागेल, असंही म्हणाले. तडे नेमके कुठे आहेत, हे मी विचारलं नाही. मला जागा माहीत होती.

तोंड उघडायला मला आणखी दोन दिवस लागले. रोज ठरवायचो, जेवण झाल्यावर सांगू. जेवण झालं की मिरचीला पाणी द्यायचं आठवायचं.

चौथ्या दिवशी दुपारी ताटावर बसल्या बसल्या लेक म्हणाली, "माह्याच हातानं चेपले असतील, बाबा. हे काम मले जमतच नसेल. मीच सोडते म्हणून सांगते त्याईले."

"तुह्या नाही, माह्या हातानं," मी म्हणालो. आणि स्वस्तिकापासून दुपट्ट्यापर्यंत सगळं सांगून टाकलं.

ती ओरडेल म्हणून मी मान खाली घालून बसलो. तिने एवढंच विचारलं, "किती जोर लावला होता?"

"पंपाची पाटी पुसतो तेवढा."

ती उठली, हात धुतला, अंगणात जाऊन साहेबांना फोन केला. मला आतून ऐकू येत होतं. "नाही सर, मी वडिलांच्या आड लपत नाहीये," असं तिला दोनदा म्हणावं लागलं. परत आली, तिकडून "बघू" एवढंच आल्याचं तिच्या आईला सांगितलं आणि माझ्याकडे न बघता शेडकडे निघून गेली.

बायको चुलीपुढे होती. तव्यावरची भाकर उलटवून म्हणाली, "कुंकू लावलं त्याचं काही नाही. घासलं त्याचंबी काही नाही. पण पोरगी तीन दिवस नुसती भाकर चिवडून राह्यली होती, अन् तुम्ही तिच्या बाजूले बसून दोन-दोन खेपा कढी मागून घेतली."