श्लोक झाला, पण फोटो राहिला

मंडळी, आपल्या ट्रस्टच्या कम्युनिटीवर आज अन्नदानाचा जो फोटो चढलाय, तो काढला तेव्हा मी तिथेच वाढत होतो.

हरसूलकडून मजुरीला आलेली माणसं पंगतीला बसली होती. वरण-भात वाढून झाला, हात जोडून श्लोक म्हणून झाला. माणसांनी पहिला घास उचलला आणि आमचे सेक्रेटरी ओरडले, "थांबा, थांबा! कोणी खाऊ नका. बॅनर लावायचा राहिलाय. परदेशातले देणगीदार फोटो बघतात!"

उचललेले घास परत पानात गेले. बॅनरची दोरी काही सापडेना. वरणावर साय धरली.

माझ्यासमोर बसलेल्या म्हातारीने हळूच विचारलं, "देवाचं नाव घेतलं ना दादा? मंग आता कोनाची वाट पाहायची?"

मी वरणाची बादली खाली ठेवली आणि दोरी शोधायला गेलो.

संध्याकाळी तुमच्या कमेंट वाचल्या. 'हीच खरी सेवा.' 'डोळे भरून आले.' एकाने तर बॅनरच्या रंगाचंही कौतुक केलंय.

आता तो फोटो जरा मोठा करून बघा. सगळी पानं भरलेली आहेत आणि एकाचाही हात पानात नाही. इतक्या भरल्या डोळ्यांना हे कसं दिसलं नाही?